स्टुलावरचं पाणी

“लॅपटॉप इकडे द्या,” नेपथ्यकार बाई म्हणाल्या आणि त्यांनी खरंच हात पुढे केला.

नर्सने तो छातीशी घट्ट धरला. “ताई, नको ना. चाळीस स्लाइड केल्यात. त्यांच्याशिवाय मला बोलताच येत नाही.”

“त्यांच्यासकट तरी कुठे येतं?”

बोलणं झोंबलं, पण खरं होतं. तिने लॅपटॉप देऊन टाकला. गुंतवणूकदारांपुढच्या सात बैठकांत सातही वेळा पडद्यासमोर ती अडखळली होती. तिने घडवलेली वस्तू मात्र साधी होती. खाटेला जोडायचा लोखंडी सांगाडा. दांडा ओढला की अंथरुणाला खिळलेला माणूस आपला आपण उठून बसतो. वर्कशॉपमधले तिचे दोघे कारागीर पगाराविना महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाले होते. महिना संपायला आठ दिवस होते.

एरवी या शेडमध्ये नाटकांचे सेट उभे राहत. भुसा, सरस, ओल्या रंगाचा वास. आज बाईंनी सहा स्टार्टअपवाले आणि सहा गुंतवणूकदार बोलावले होते, आणि अट एकच घातली होती: धंदा कुणी सांगायचा नाही. आपली वस्तू ज्या खोलीत वापरली जाणार, ती खोली तासाभरात उभी करायची, आणि चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्या गुंतवणूकदाराने तिथे पाच मिनिटं राहून दाखवायचं. कापडाच्या चौकटी, सुतळी, जुनं फर्निचर, लागेल ते उचला.

मग काय, ठोकाठोकी सुरू झाली. कुणाचा ओटा कलंडला. एकाने ट्रकची केबिन इतकी मन लावून बांधली की दारच ठेवायला विसरला. गुंतवणूकदार बाईंना वरूनच आत सोडावं आणि वरूनच काढावं लागलं, आणि त्या हसून हसून बेजार झाल्या.

नर्सने फक्त दोन चौकटी घेतल्या आणि त्या जवळ जवळ आणल्या, माणूस अंग चोरूनच जाईल इतक्या. मध्ये बाकड्याची खाट. शेजारी स्टूल, स्टुलावर पाण्याने भरलेला ग्लास. ती मागे सरली, बघत राहिली, मग पुढे होऊन तिने स्टूल जरासं लांब सरकवलं.

“ते का?” बाईंनी विचारलं.

“घाईत माणसं इथेच ठेवतात, ताई.”

तीस वर्षं बाई खोल्या उभ्या करत होत्या. हे त्यांना सुचलं नसतं.

चिठ्ठी निघाली आणि नर्सचा चेहरा पडला. पांढऱ्या दाढीचे ते काका. प्रत्येकाचं ऐकून घेत, मान डोलवत आणि शेवटी म्हणत, नंतर बघू. पोरांनी त्यांचं नावच ‘नंतरबघू’ ठेवलं होतं.

काका खाटेवर टेकले. “मशीन कुठंय?”

“ते अजून आलेलं नाही, ओढून उठायला दांडा नाही. तोवर पडून राहा. कंबर हलवायची नाही, पाय तर नाहीच. हात तेवढे चालतील.”

ते आडवे झाले. “बाजार केवढा आहे याचा?”

“काका, तुम्ही पेशंट आहात. पेशंट बाजार विचारत नाहीत. पाणी हवंय?”

“नको.”

“लागेल,” ती म्हणाली आणि चौकटीमागे गेली.

हा आवाज बाईंच्या ओळखीचा होता. वडिलांच्या शेवटच्या चार महिन्यांत हीच नर्स घरी होती आणि घरभर हाच आवाज फिरायचा. न चढणारा, न डगमगणारा, अंगावर चादर घालावी तसा. चाळीस स्लाइडखाली तो गाडला गेला होता.

पलीकडे चहाचे कप वाजत होते, कुणी खो खो हसत होतं. काकांनी छताकडे पाहिलं, मग ग्लासाकडे. हात लांब केला. बोटं आणि ग्लास यांच्यामध्ये वीतभर हवा उरली. खांदा ताणला, तरी चार बोटं उरलीच.

“अहो, कुणी आहे का?”

चौकटीमागून नर्स ओरडली, “आले हं, दूध उतू जातंय!”

आजूबाजूची मंडळी हसली. काकाही हसले. मग हसू ओसरलं आणि कुणीच आलं नाही. त्यांनी पुन्हा हाक मारली नाही. हात तसाच हवेत राहिला, थोड्या वेळाने खाली आला.

“झाली पाच मिनिटं,” बाई म्हणाल्या.

काका उठले नाहीत. पडल्या पडल्याच त्यांनी विचारलं, “तो दांडा कुठल्या बाजूला असतो?”

“जो हात चालतो, त्या बाजूला.” नर्स आता खाटेशी उभी होती. “दोन्ही चालत नसतील तर हनुवटीपाशी पट्टा येतो. तो जमायला मला दोन वर्षं लागली.”

“वर्कशॉप किती वाजता उघडतं तुमचं?”

“नऊला. पण माझे दोघे कारागीर महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहेत.”

ट्रकच्या केबिनवाला शेजारच्याच्या कानात पुटपुटला, “आता म्हणतील बघ.”

“उद्या नऊला येतो,” काका म्हणाले. “त्या दोघांना थांबायला सांगा.”

नर्सने मान हलवली. बाईंनी तिचा लॅपटॉप परत दिला; तो तिने न उघडताच बगलेत मारला.

मंडळी चहाला बाहेर गेली. कपांचा ट्रे न्यायला बाई परत आत वळल्या आणि दारातच थबकल्या. काका त्या अरुंद खोलीत एकटेच होते. पाणी हिंदकळू नये म्हणून स्टूल दोन्ही हातांनी धरून, हळूहळू ते रिकाम्या खाटेला चिकटवत होते.