ओगिनोचं मन वळवताना

“गुडघा काय म्हणतो?” कुरोसेने विचारलं.

“बरा आहे की,” ओगिनो म्हणाला आणि करी-भातात मान घालून जेवू लागला.

कॉलेजच्या कँटीनमधली दुपारची गर्दी ओसरली होती. कुरोसेने मुद्दाम ही वेळ गाठली होती. नाजूक बोलणं समोरच्याच्या पोटात चार घास गेल्यावर करावं, असं त्याचं मत होतं; आणि कुरोसेकडे मतांची वानवा कधीच नव्हती.

बोलणं नाजूकच होतं. फुटबॉल क्लबात ऐंशी खेळाडू आणि शिकवायला कोच मियाता सर एकटे. म्हणून दरवर्षी हिवाळ्यात दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी आपल्यातलाच एक जण निवडायचा. त्याने बूट काढून ठेवायचे, शिट्टी गळ्यात अडकवायची आणि उरलेली दोन वर्षं विद्यार्थी-कोच म्हणून काढायची. मॅच खेळणं संपलं ते संपलंच. सर यात तोंड घालत नसत. मुलांनीच एकमत करायचं, आणि ज्याच्यावर एकमत होईल त्याने मनापासून ‘हो’ म्हणेपर्यंत बैठका घालायच्या.

यंदाच्या तेराजणांत तीन आठवडे हीच कुजबुज चालली होती. नाव मात्र कुणी घेत नव्हतं. असल्या गोष्टीत कोण कुणाचं तोंडावर नाव घेतं? त्यांचा म्होरक्या सेगावा एवढंच म्हणाला होता, “कुरोसे, तू आणि ओगिनो एकदा निवांत बोलून घ्या ना. तुमचं दोघांचं छान जमतं.”

कुरोसे काय समजायचं ते समजला. गेल्या वर्षी ओगिनोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. सात महिने बिचारा मैदानाच्या काठावर बसून होता. आणखी काय फोड करून सांगायला हवं?

“हे बघ, स्पष्टच बोलतो,” कुरोसे पुढे सरसावला. “कोच होणं म्हणजे हरणं नव्हे. उलट, सगळ्यांत शहाण्या माणसाचं काम आहे ते.”

ओगिनोने चमचा खाली ठेवला. “खरंच असं वाटतं तुला?”

“शंभर टक्के! मैदान सगळ्यांनाच दिसतं रे. ते वाचता येणारा एखादाच असतो.”

“आणि खेळायची हौस? तिचं काय करायचं?”

ओगिनोचा चेहरा एवढासा झाला होता. कुरोसेला गलबलून आलं. पण अशा वेळी आपणच कच खाल्ली तर झालंच म्हणायचं.

“सहा महिने जीव तळमळेल,” तो म्हणाला, “खोटं कशाला सांगू? पण आपण घडवलेला संघ लीगच्या पहिल्या गटात चढला, की त्यापुढे स्वतःचा गोल म्हणजे किस झाड की पत्ती!”

ओगिनोने पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मग हळूच म्हणाला, “समजा तुझ्यावर ही वेळ आली असती. मग?”

कुरोसे हसला. “सगळ्यांनी मिळून, आडपडदा न ठेवता मला विचारलं असतं ना, तर दोन मिनिटांत ‘हो’ म्हटलं असतं. रडगाणं नाही, काही नाही.”

“दोन मिनिटांत?”

“अरे, शब्द देतो लेका!”

ओगिनोने उठून त्याच्यासाठी गरम चहा आणून दिला. किती गुणी पोरगा, कुरोसेच्या मनात आलं.

पुढचा आठवडा कुरोसे नुसता हवेत होता. त्याचं स्वतःचंही झकास चाललं होतं. दोन वर्षं दुसऱ्या संघात घासल्यावर मियाता सरांनी त्याला लागोपाठ तीन सराव सामन्यांना पहिल्या संघाबरोबर नेलं होतं. उतरवलं नव्हतं अजून, पण बाकावर शेजारी बसवून घेतलं आणि विचारलं, “डावीकडून आपण का फाटतोय, सांग बघू.” कुरोसेने सांगितलं. सरांनी मध्यंतरात तेवढंच बदललं आणि सामना फिरला. एप्रिलच्या नव्या हंगामापासून आपली जागा पक्की! त्याने गावी, तोत्तोरीला, वडिलांना फोन करून, पहिल्या सामन्यासाठी दुकान बंद ठेवून या, असं सांगूनही टाकलं.

पहिल्या वर्षाची मुलंही हल्ली सराव झाला की त्यालाच गाठत. “कुरोसे-सान, माझं कुठे चुकतंय?” मान मिळत होता, आणि मान कुणाला नको असतो?

शुक्रवारी सरावात ओगिनो त्याला चकवून दोनदा पुढे निघून गेला. “गुडघा जपून रे!” कुरोसे मागून ओरडला.

रविवारी सकाळी क्लबच्या खोलीत बैठक भरली. बामाचा आणि ओल्या मोज्यांचा वास कोंडला होता. तेराजण जमिनीवर कोंडाळं करून बसले.

“सुरुवात कोण करतंय?” सेगावाने विचारलं.

कुरोसेने ओगिनोकडे पाहून हलकेच मान हलवली. घाबरू नकोस, मी आहे. आणि ओगिनो खरोखरच उठून उभा राहिला. वाघ आहे पठ्ठ्या! कुरोसेचा ऊर भरून आला.

“इतके दिवस मी हे टाळत होतो,” ओगिनो म्हणाला. “आज आडपडदा न ठेवता बोलतो. आपल्याला वर चढायचंय, तर मैदान वाचता येणारा माणूस कोच हवा. असा माणूस आपल्यात एकच आहे.”

“शाब्बास!” कुरोसेने टाळी वाजवली. दुसऱ्या कुणीच वाजवली नाही.

बाकीचे अकराजण उठले आणि विनवणी करावी तसे कमरेत वाकले. त्यांच्याबरोबर ओगिनोपुढे वाकायला म्हणून कुरोसेही धडपडत उठला, आणि तिथेच थबकला. बाराही डोकी त्याच्याच दिशेने झुकली होती.

“माफ कर,” ओगिनो वाकूनच म्हणाला. “तुझी समजूत काढायला यांनी मला पाठवलं होतं. पण मला काही बोलावंच लागलं नाही रे.”