साठीची जाहिरात

छापलेला शब्द अमर असतो. बाभुळगावचे माजी सरपंच पुंडलिकराव यांच्या साठीनिमित्त पेपरात आलेली पानभर रंगीत जाहिरात मात्र तिसऱ्याच दिवशी नयनने कात्रीखाली घेतली. ती पुस्तकातून ब्लाउजचं कटिंग शिकत होती, आणि कापडाआधी मोठ्या कागदावर माप काढून कापावं, असं पुस्तकात लिहिलं होतं.

बातमी लागताच पुंडलिकराव थेट तिच्या घरात घुसले.

“माहं मुंडकं कुठी गेलं वं?”

“मागचा गळा खोल पाहिजे होता, काका. त्यात गेलं.”

“दुसरं पान नव्हतं काय तुले?”

“होतं ना. पन त्याच्यावर बातम्या होत्या. लोक वाचतात.”

“यामागं विरोधकच हायेत, मले समजते सगळं! कोनाचा हाय हा ब्लाउज? नाव सांग, नाही तर तुही मशीन नालीत फेकतो!”

नयनने कागद उलटा केला. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मागे पेन्सिलने गिऱ्हाइकाचं नाव लिहिलेलं होतं.



ब्लाउज पुंडलिकरावांच्या बायकोचा होता. कागदही तिनेच आणून दिला होता. वाटायला घेतलेले दीडशे अंक त्यांच्या घरात तसेच पडून होते.