वॉटी फ्लेटची सोमवारची तक्रार

गावच्या सभेसाठी सभागृहात शिरताच इझी मायरला पहिल्या रांगेत वॉटी फ्लेटची टोपी दिसली आणि तिने मनाशी म्हटले, आता संपले.

मुलीने तिला एल्गिनहून गाडीने थेट दाराशी आणून सोडले होते. ऑक्टोबरात खुबा मोडल्यापासून इझीने आपले गाव पोर्टकेरन पाहिलेच नव्हते. आधी इस्पितळ, मग मुलीचे घर, आणि तोवर एप्रिल उजाडला. काठी टेकत ती मागच्या बाकापर्यंत गेली. तिथे शेजारीण बेला काउई तिच्यासाठी जागा धरून बसली होती.

"बस. अजून कुरकुरीच चालल्यात," बेला कुजबुजली. "सीगलनं पाद्रीबाबांच्या हातातला तळलेला मासा पळवला, त्यावर अर्धा तास गेला."

"आणि बसचं?"

"ती अजून गावात न येता वळणावरूनच परत जाते. बंदराचा दिवा रंगवला, तर तोही भलत्याच हिरव्या रंगानं."

इझीला एकदम बरे वाटले. एल्गिनमध्ये तिला समुद्राहूनही या कुरकुरींची आठवण अधिक आली होती.

पण आजचा खरा विषय निराळा होता. किनाऱ्यावरच्या घरांपुढे लोखंडी खांब रोवलेली गवताची एक चिंचोळी जागा होती. तिला सारे वाळवणीचा पट्टा म्हणत. तो पूर्वापार त्या घरांचा, मात्र वापर चालू असेतोवरच. एक अख्खा हिवाळा तिथे कपडा वाळत पडला नाही, तर जागा कौन्सिलकडे जायची होती, आणि कौन्सिलला तिथे पाहुण्यांच्या गाड्या उभ्या करायच्या होत्या. घरोघरी कपडे वाळवायची यंत्रे आल्यावर पट्ट्यावर जाणारी एकटी इझीच उरली होती. आणि या हिवाळ्यात नेमकी तीच अंथरुणाला खिळली होती.

एके काळी सोमवारी त्या पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चादरी फडफडत. तोंडात चिमटे धरूनही बायकांची तोंडे थांबत नसत. ज्या घरची होडी त्या दिवशी निघायची, त्या घरात धुणे निघत नसे. धुण्याबरोबर माणूसही वाहून जातो, अशी सर्वांची खात्री होती. परतीच्या होड्या खडकाला वळसा घालून येत, तेव्हा पुरुष दुरूनच चादरींवरून आपापले घर ओळखत. इझीशेजारचा खांब क्रिसीचा, म्हणजे वॉटीच्या बायकोचा. हेरिंग मासे साफ करून सोललेल्या बोटांनीही क्रिसी चादर अशी ताणून लावी की तिच्यावर सुरकुती दिसू नये. ती गेली, आणि पुढे वॉटीला इझीच्या चादरी खुपू लागल्या. खिडकीतून समुद्र दिसत नाही, हे त्याचे एकच पालुपद. इझीला त्याने ते तोंडावर ऐकवले होते, आणि कौन्सिललाही.

कौन्सिलचे मिस्टर पेटरी उठले. "पट्टा वापरात नाही, असा आमचा समज होता," ते म्हणाले. "पण एक अडचण आहे. हिवाळाभर दर सोमवारी आमच्याकडे फोन येत होता, की तिथं कपडे वाळत घातलेत. मिस्टर फ्लेट, ही तक्रार तुमचीच ना?"

वॉटी उभा राहिला. "माझीच. चादरी, टॉवेल, एकदा तर गुलाबी पायजमा. माणसानं म्हातारपणी समुद्र बघायचा की लोकांचे पायजमे?"

कुणी हसले नाही. सारे सभागृह आपापल्या बुटांकडे पाहत राहिले. इझीला त्याच्या वतीने लाज वाटली.

"म्हणजे कपडे खरोखरच तिथं होते?"

"होते म्हणून तर ओरडत होतो. तुम्ही आलात का कधी बघायला?"

"रस्त्यावर बर्फ होतं, मिस्टर फ्लेट."

"आमच्या बायकांना बर्फात धुणं वाळत घालता येतं, आणि तुम्हाला गाडी काढता येत नाही."

मिस्टर पेटरींनी चष्मा पुसला. "तर मग वापर खंडित झाला, असं म्हणता येणार नाही. पट्टा किनाऱ्यावरच्या घरांचाच राहील. तुमच्या तक्रारीचा विचार आम्ही वेगळा करू."

"करा विचार," म्हणून वॉटी खाली बसला.

सभा संपताच इझी काठी टेकत उठली. दाराशी तिने त्याला गाठले.

"वॉटी, तुझ्याच किरकिरीनं तुझा समुद्र घालवलास बघ."

"खुबा कसा आहे?"

"चालतोय."

"म्हणजे सोमवारपासून पुन्हा माझ्या तोंडापुढं तुझ्या चादरी."

"पुन्हा."

"वाटलंच होतं मला," तो म्हणाला आणि टोपी कपाळावर ओढून वाऱ्यात निघून गेला.

बेलाचा हात धरून इझी हळूहळू किनाऱ्याकडे उतरू लागली.

"तुम्ही सगळ्यांनी माझ्यामागं केवढं केलंत," ती म्हणाली. "घरात यंत्रं असताना, त्या थंडीत, दर सोमवारी धुणं खाली नेऊन वाळत घालायचं..."

बेला थांबली. तिने मागे वळून रस्त्यावर कुणी नाही याची खात्री करून घेतली.

"तू गेल्यापासून त्या खांबांवर रुमालसुद्धा चढलेला नाही, इझी," ती म्हणाली. "दर सोमवारी वॉटी माझ्या स्वयंपाकघरात यायचा, फोन हातात घ्यायचा, आणि नंबर फिरवण्याआधी मला विचारायचा, बेला, आज कुणाच्या चादरींवर चिडू?"