वकीलबाईंचं पाकीट

विजयमालाताई मालकांच्या वकील. त्यांचं पाकीट आलं की कुणाचं तरी काम सुटलंच, हे साऱ्या झरी गावाला पाठ होतं. त्यामुळं योगीराजशेठच्या डाळमिलमध्ये ताईंच्या नावाचा शिक्का असलेली बत्तीस पाकिटं वाटली गेली, तेव्हा एकही न फोडता सगळ्या बाया गेटासमोर जाऊन बसल्या.

"मॅडम, तुमच्या सल्ल्यानं माझी मिल बंद पडली!" शेठ फोनवर ओरडले. ताई हातातलं काम टाकून निघाल्या.

धुरपदाबाई सगळ्यांच्या पुढं बसली होती. "बावीस सालं इथं डाळ निवडली," ती म्हणाली, "आन आता वकिलाचा कागद देऊन हाकलायलाव व्हय?"

ताईंनी तिच्या हातातलं पाकीट घेऊन फोडलं आणि मोठ्यानं वाचलं, "श्रीमती धुरपदाबाई यांची या मिलमध्ये कायम कामगार म्हणून नेमणूक करण्यात येत आहे." नव्या कायद्यानं प्रत्येकीला असं पत्र द्यावंच लागतं, हे शेठच्या गळी उतरवता उतरवता त्यांचा महिना गेला होता.

धुरपदाबाईनं तो कागद पुन्हा एकदा वाचायला लावला. मग घडी घालून कमरेला खोचला आणि तरातरा बाजाराकडं निघून गेली.

तासाभरानं शेठचा परत फोन आला. "मॅडम, मिल अजून बंदच हाय."

"आता काय झालं?"

"धुरपदाबाई पेढे वाटायलीय. पहिला मलाच दिला. म्हणली, 'मालक, तोंड गोड करा. मला नोकरी लागली.'"