चौथी व्हीलकॅप

"वैनी, कोंबड्यांना दुसरं भांडं देतो की. पितळेचं देतो," असं म्हणत धाकटा दीर अंगणात उकिडवा बसला. कोंबड्या जिच्यातून पाणी पीत होत्या, ती त्याच्या मस्टँग गाडीच्या चाकावरची चौथी व्हीलकॅप होती.

शेवंता शेंगा फोडत राहिली. तिच्या नवऱ्याचं तेरावं होताच याच दिरानं, "गंजका पत्रा दारात कशाला?" म्हणत नवऱ्याची ती अमेरिकन गाडी वजन करायला साखर कारखान्याच्या ऊसकाट्यावर ओढत नेली होती. मग भंगाराच्या भावानं, किलोवर पैसे तिच्या हातात ठेवून गाडी स्वतःकडे घेतली होती. आता असल्या गाड्यांना सोन्याचा भाव आला होता.

"नुसत्या रंगाला आठ लाख गेले, इंजिनाचे भाग अमेरिकेतून मागवले," दीर काकुळतीला आला. "मुंबईचं गिऱ्हाईक चारी कॅप अस्सल मागतंय. नाहीतर सौदा मोडतो म्हणतंय. तुम्ही आकडा बोला."

शेवटच्या दुखण्यात नवऱ्याला वाकवत नव्हतं. तेव्हा ही एकच कॅप शेवंताकडून काढून घेऊन, खाटेवर मांडीवर घेऊन तो पुसत बसायचा. म्हणून तर ती काट्यावर चढली नाही.

शेवंता उठली. रोजच्यासारखी तिनं कॅप राखेनं घासली, धुतली, पदरानं पुसली, अगदी दिराचं तोंड तिच्यात लख्ख दिसेपर्यंत. त्यानं हात पुढे केला.

"भंगार होतं ते तुम्ही तोलून नेलंत, भाऊजी," ती म्हणाली आणि कॅप खाली ठेवून तिच्यात कोंबड्यांसाठी ताजं पाणी ओतलं.