पाहणी समितीला पाणी

नगराध्यक्षांनी स्वतः नळ फिरवला. नळाने फुस्स केलं आणि गप्प झाला. त्यांनी तो आणखी दोनदा फिरवून पाहिला.

"दुपारची वेळ आहे. प्रेशर नसतं," ते म्हणाले.

"सकाळीही नसतं, साहेब. आठ महिने झाले, एक थेंब आला नाही," पंचशीला हिवराळे म्हणाली.

ती या वस्तीची नगरसेविका. काशीगावापलीकडे, हायवेच्या कडेला, परभणीकडून आलेल्या बौद्ध कुटुंबांची ही साठ-सत्तर घरं. आठ महिन्यांपूर्वी इथे पाइपलाइन टाकली, नळ बसले, नारळ फुटला, पाणी तेवढं आलं नाही. पंचशीलाने दर सभेत विषय मांडला. दर सभेत नगराध्यक्षांचं तेच उत्तर, 'सदर वस्तीस पाणीपुरवठा सुरू आहे.' बाकीचे बाकं वाजवत आणि पुढचा विषय निघे. तिचं डोकं फिरायचं. ज्याला जाब विचारायचा तोच सभेचा अध्यक्ष. कोणी किती वेळ बोलायचं तेही तोच ठरवणार. अशाने कोणाला कधी उत्तर मिळालंय?

शेवटी चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात ती हट्टालाच पेटली. समिती नेमा, जागेवर येऊन बघा. समिती नेमली गेली, पंचशीला स्वतः आणि उत्तनचे नगरसेवक ऑगस्टीन. ऑगस्टीन कोणत्याच गटात नव्हते, म्हणून सगळ्यांना चालले. मीही सोबत येतो, असं नगराध्यक्ष म्हणाले. अहवालात पाणी नाही असं आलं तर लाइनचं काम पुन्हा करावं लागणार होतं. पाणी आहे असं आलं तर फाईल बंद.

आपल्या लोकांची खोड पंचशीलाला ठाऊक होती. कोणी मोठं येणार म्हटलं की गल्ली धुतील, सडा घालतील, भांडी लख्ख घासून भरून ठेवतील. तेही हायवेपलीकडच्या धाब्याच्या बोअरिंगवरून पहाटे डोक्यावर वाहून आणलेल्या पाण्याने. म्हणून आदल्या दिवशी तिने घरोघरी जाऊन बजावलं, "उद्या कोणी सडा घालायचा नाही. रिकामे हंडे दारात उलटे ठेवायचे. पाणी मागितलं तर नाही म्हणायचं." सासूला, वैजयंताबाईंना, तर तिने तीनदा सांगितलं. सासूने तीनदा मान डोलावली.

आणि लोकांनी खरंच ऐकलं. गल्लीत धूळ, दारोदार उलटे हंडे. ऑगस्टीन वहीत लिहीत होते, 'नळ कोरडे. भांडी रिकामी.' नगराध्यक्षांचा झब्बा पाठीला चिकटला होता. वीसेक घरं झाल्यावर त्यांनी बोलणंच सोडलं. पंचशीलाला आठ महिन्यांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

शेवटचं घर तिचं. नगराध्यक्ष दारातल्या खुर्चीवर टेकले, रुमालाने मान पुसली आणि आत बघून म्हणाले, "आजी, घोटभर पाणी देता का?"

हा डाव होता की खरी तहान, ते पंचशीलाला आजवर कळलेलं नाही. तिने सासूकडे डोळे वटारून पाहिलं. वैजयंताबाई पडद्याआड गेल्या. आल्या त्या हातात तांब्या आणि पेला घेऊन.

नगराध्यक्षांनी पेला तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. दुसरा मागितला. तोही प्यायले. मग उठून उभे राहिले. त्यांचा आवाज परत सभागृहातला झाला.

"पाणी गार आहे, स्वच्छ आहे. मग बाकीच्या घरांचे हंडे असे एकसारखे उलटे कसे? ही तयारी कोणी करून घेतली, ताई?"

"हे पाणी धाब्यावरचं आहे, साहेब," पंचशीला म्हणाली. "डोक्यावरून आणलेलं."

"मी हंड्यांचं विचारलं."

ऑगस्टीननी वहीतून मान वर केली. "ताई, तुमी सांगितला काय यांना, हंडे उलटे ठेवा म्हनून?"

तिने मान हलवून हो म्हटलं. सांगितलं तर होतंच. ऑगस्टीन वाईट माणूस नव्हता, पण खोटं खपायचं नाही त्याला. त्यांनी 'नळ कोरडे' पुढे 'दुपारची वेळ' असं जोडलं, 'भांडी रिकामी' वर काट मारली आणि खाली लिहिलं, 'घरात पिण्याचे पाणी आढळले.'

नगराध्यक्षांची गाडी हायवेला लागली तशी पंचशीला सासूवर तुटून पडली. रागाने तिला रडू येत होतं.

"तीनदा सांगितलं होतं, आत्याबाई. एवढं 'नाही' म्हणायचं होतं फक्त. आता वाहा जन्मभर हंडे."

वैजयंताबाई रिकामा पेला दोन्ही हातांत धरून बसल्या होत्या.

"वाहीन," त्या म्हणाल्या. "गावाकडं आमाला पानी वरून वतायचे, वंजळीत. आमच्या हातचं तर कुनी कधी शिवलं न्हाई. पासष्ट वर्सांची झाले मी. आज पयल्यांदा कुनी मोठ्या मानसानं माझ्या घरचं पानी मागितलं बाई, आन् मी न्हाई म्हनू?"