वस्तादांचा नाश्ता

ओट्सचा वाडगा नवऱ्यापुढे ठेवून ती रोजच्यासारखी गॅसकडे वळली नाही. खुर्ची ओढून समोरच बसली. आज काही झालं तरी ह्यांच्या तोंडाकडे बघायचं, असं तिनं उठल्या उठल्या ठरवलं होतं.

वस्तादांनी चमचा भरून तोंडात घातला. कर्रकन आवाज झाला. दुसरा चमचा, पुन्हा कर्र. कवळी दाण्यांवरून घसरत होती, जबडा दमत होता, पण चेहऱ्यावरची रेघ हलेल तर शपथ.

हे ओट्स लेकीनं आणून दिले होते. "आई, ते पाकिटातले चपटे नकोत आता. हे नुसते दाणे तोडलेले असतात, बाकी काही केलेलं नसतं त्यांचं. बाबांना हेच बरे." मंद आचेवर चांगला अर्धा तास शिजव, असं दोनदा बजावून ती आपल्या घरी गेली. पण हाताची सवय जाते कुठे! पहिल्याच सकाळी हिनं पाकिटातल्यासारखं उकळतं पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि जरा वेळानं वाडगा पुढे केला. वस्तादांनी तो चाटूनपुसून संपवला. भांडं घासताना कडेला चिकटलेला दाणा तिनं सहज तोंडात टाकला आणि चावून पाहिला. नुसता खडा होता तो.

आणि खाणारा माणूस कोण, तर कारखान्याच्या कँटीनचा मुख्य आचारी, सगळे ज्याला वस्ताद म्हणायचे तो! सूप जरासं खाली लागलं म्हणून अख्खं पातेलं मोरीत ओतणारा. घरी मीठ कणभर कमी पडलं तर घर डोक्यावर घेणारा. ह्या जिभेपायी तिनं जन्मभर किती रडून घेतलं होतं. देवा, ह्यांची वाचा बसू दे एकदाची, असंही कधीमधी वैतागून म्हणाली होती. हृदयाचं दुखणं झालं, दवाखान्यातून घरी आले, आणि खरंच वाचा बसली. समोर येईल ते खायचं, खिडकीबाहेर बघत बसायचं, विचारलं तर "हं". डॉक्टर म्हणत होते, हृदय झकास चाललंय. तिला दिसत होतं ते वेगळंच. माणसानं गाशा गुंडाळायला घेतला होता.

म्हणून दुसऱ्या सकाळपासून तिनं मुद्दामच कच्चे द्यायला सुरुवात केली. आजारी माणसाला असलं खायला घालणं तिच्या जिवावर यायचं. पण एकदा तरी हा माणूस चमचा आपटेल, एकदा तरी ओरडेल, ह्या आशेवर ती मन घट्ट करून उभी राहायची. वस्ताद वाडगा रिकामा करून बाजूला सारायचे.

काल लेकीचा फोन आला होता. "बाबा खातात ना नीट?"

"खातात. मुकाट."

"चला, बरं झालं."

"काय बरं झालं गं?" ती एकदम ओरडली.

आता वाडगा निम्मा झाला होता. तिला राहवलं नाही.

"अहो, कसे झालेत?"

"ठीक."

"मीठ?"

"आहे."

मीठ तिनं घातलंच नव्हतं.

"शिजलेत ना पण?"

वस्तादांनी खांदे उडवले. "मला काय करायचंय आता त्याचं? पोटात गेलं म्हणजे झालं."

ते ऐकलं आणि तिचा उरलासुरला धीर संपला. ह्यांच्यापुढे रडायचं नव्हतं. ती उठली, पातेल्यातले उरलेले ओट्स स्वतःच्या वाडग्यात काढले आणि पुन्हा समोर येऊन बसली. तुम्ही हे खाणार ना, मग मीही हेच खाणार, काय व्हायचं ते दोघांचं होऊ दे. रागच होता तो. तिनं मोठा चमचा भरून तोंडात घातला आणि कचकन चावली. दुखऱ्या दाढेतून अशी कळ गेली की तिचे डोळे मिटले. तरी ती चावत राहिली.

वस्तादांचा चमचा हवेतच थांबला.

"थांब."

ती थांबली नाही.

"अगं थांब म्हणतो ना! कच्चे आहेत ते. दाढ आधीच ठणकतेय तुझी. थुंक आधी!"

त्यांनी आपला तळहात तिच्या तोंडापुढे धरला. ती थुंकली.

वस्ताद टेबलाला धरून उठले. धाप लागली, तरी हात धुऊन, दोन्ही वाडगे उचलून ते गॅसपाशी गेले आणि सगळं पातेल्यात ओतलं. वर पाणी घातलं. गॅस पेटवला, आच बारीक केली. किती दिवसांनी ते तिथे उभे होते.

"एवढी वर्षं आचाऱ्याशी संसार केलास, आणि दाणा शिजला की नाही एवढं कळत नाही तुला? मीठ कुठाय? घातलंच नाहीस की! आणि हा चमचा काय ढवळायचा आहे? डाव दे डाव! माझ्या कँटीनमध्ये असलं वाढलं असतंस ना, तर लोकांनी पातेल्यासकट बाहेर काढलं असतं तुला!"

तिनं डाव त्यांच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

"हसतेस काय तिकडे तोंड करून?" वस्ताद खेकसले.

"नाही हो," ती भिंतीकडेच बघत म्हणाली. "बोला. अजून बोला."